आधी हलकं, मग जड

वन्सं,

परवा तेरमध्ये तुमचं गोडाचं जेवण झालं. पाहुणे पांगले, मागून आणलेली पातेली घासून परत गेली, आणि आज मी धाराशिवला तुमच्या खोलीत, तुमच्याच टेबलाशी बसलेय. कॉलेजच्या वार्षिक अंकाला तुमच्यावर लेख हवाय. प्राचार्य म्हणाले, "तुम्ही त्यांच्या भावजयही आणि आमच्या खात्यातल्याही. दुसरं कोण लिहिणार?" मी हो म्हणून बसले. पायऱ्या उतरताना ध्यानात आलं की तुम्ही खोदून ठेवलेल्या खड्ड्यात मी स्वतःहून उडी मारलीय.

आपली पैज अजून उभी आहे ना. उन्हाळ्याच्या तोंडावर तुम्ही याच खोलीतल्या खाटेवर पडून होता, आवाज पार बसलेला, तरी खोड जात नव्हती. म्हणालात, "मंगल, मी गेल्यावर तुला कुणीतरी माझ्यावर लिहायला लावणार. आन तू लिहिणार की वन्सं इलेक्ट्रॉनसारख्या झिजल्या आन आमाला उजेड देऊन गेल्या." मी म्हणाले, "मी कशाला असलं लिहीन?" तुम्ही म्हणालात, "इलेक्ट्रॉन आण, त्याला माझी ना न्हाय. पण ते एक वाक्य लिहिलंस की हरलीस. लाव पैज." मी लावली. हरणाऱ्यानं गुलाबजाम आणायचे हे आपल्यात कधी बोलावंच लागलं नाही.

तेव्हा मला वाटलं, त्यात काय अवघड आहे, नाही लिहायचं म्हणजे नाही लिहायचं. आता पेन हातात धरल्यावर कळतंय की तुम्ही किती पाताळयंत्री होता. मला तुमचे आभार मानायचेत. जिवंतपणी तुम्ही ते कधी मानू दिले नाहीत. आभाराचा आ निघाला की "शेळ्यांना पाणी दावलं का" म्हणून विषय बदलायचा. आता विषय बदलायला तुम्ही नाही, आणि आभार मानायला गेलं की प्रत्येक वाट त्या एका वाक्यापाशीच जाऊन थांबते. ते वाक्य टाळून आभार कसे मानायचे, एवढाच माझ्यापुढचा प्रश्न आहे. बघू जमतंय का.

तर, सुरुवातीपासून.

मी लग्न होऊन तेरला आले तेव्हा बारावी सायन्स झालेली होते, आणि ते घरात कुणाला फारसं ठाऊकही नव्हतं. बघायला आले तेव्हा भाकरी येते का विचारलं, धारा काढता येतात का विचारलं. मार्क कुणी विचारले नाहीत. तुम्ही तेव्हा कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागून बरीच वर्षं झाली होती. आठवडाभर धाराशिवला खोलीवर, शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं तेरला. लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळं गावात तुमच्याविषयी बोलायला बायकांना कायम विषय होता. मीही थोडी घाबरूनच होते. नवऱ्याची थोरली बहीण, त्यात मॅडम.

पहिल्याच शनिवारी तुम्ही चुलीपाशी येऊन बसलात आणि विचारलंत, "बारावीला फिजिक्सला किती व्हते?" मी सांगितलं. तुम्ही भाकरी खाल्लीत आणि उठलात. सोमवारी जाताना आत्याबाईंना, म्हणजे तुमच्या आईला, सांगितलंत, "हिचा बीएस्सीचा फॉर्म भरणार हाय." आत्याबाई म्हणाल्या, "आन शेळ्यांचं कोन बघनार?" तुम्ही म्हणालात, "ज्यानं लग्न केलंय त्यो बघंल." तुमचा भाऊ तिथंच दात घासत उभा होता. त्यानं तोंडातलं राखुंडीचं पाणी गिळलं आणि मान डोलावली. आजही शेळ्या तोच बघतो, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा बरा बघतो.

मग आपला रोजचा एसटीचा प्रवास सुरू झाला. मला एकटीला पाठवायला नको म्हणून तुम्ही वर्षभर खोली सोडून तेरहून ये-जा केलीत. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. आता मीच रोज ये-जा करते, कंबर धरते, तेव्हा कळतं की कुणी कुणासाठी उगाच असा प्रवास करत नसतं.

त्या एसटीतच मला तुमचा लाडका विषय पहिल्यांदा समजला. तेर सोडल्यावर ते आडवं वळण आहे ना, तिथं ड्रायव्हरनं एकदा गाडी जोरात वळवली आणि ब्रेक दाबला. समोरच्या सीटवरच्या म्हाताऱ्याच्या मांडीवरची लिंबांची पिशवी उसळली आणि लिंबं सगळ्या गाडीभर झाली. आपण दोघी खाली वाकून लिंबं गोळा करत होतो, आणि तुम्ही वाकल्या वाकल्याच विचारलंत, "गाडी सरळ चालली असती तर सांडली असती का?" मी म्हणाले नाही. "मग इलेक्ट्रॉनचं बी तसंच. त्यो सरळ, एका वेगानं पळत असला तर त्याच्याकडनं कायबी सांडत न्हाय. जड अणुकेंद्राच्या जवळनं गेला की त्याला ओढ बसते, वळावं लागतं, वेग तुटतो. तवा त्याच्याकडची शक्ती किरण होऊन बाहेर पडते. ब्रेक लागला की किरण." म्हातारा म्हणाला, "बाई, आमची लिंबं आधी द्या." तुम्ही दिलीत आणि मला हळूच म्हणालात, "उपमा इथवरच. ह्याच्या फुडं लिंबं न्हेऊ नको."

हे तुमचं नेहमीचं होतं. उपमा द्यायची आणि लगेच तिचा कान धरून तिला परत बसवायचं. फळ्यापुढं तुम्ही सांगायचा: पदार्थात शिरलेला वेगवान इलेक्ट्रॉन दोन तऱ्हांनी गरीब होतो. एक म्हणजे आठवडी बाजारातल्या गर्दीसारखं, इकडं धक्का, तिकडं धक्का, दरवेळी थोडं थोडं जातं. दुसरं म्हणजे हे ब्रेकचं, कधी एका झटक्यात निम्मंअधिक जातं. वेग जितका जास्त तितका दुसऱ्या तऱ्हेचा वाटा मोठा. आणि पदार्थ जितका जड तितका किरण जास्त. शिशात जास्त, तांब्यात त्याहून कमी, प्लॅस्टिकमध्ये अगदीच थोडा. हे सांगून झालं की बजावायचा, "उजेड म्हनलं म्हंजे डोळ्याला दिसनारा न्हवं. एक्स-रे हाय तो. कंदील समजू नका."

आणि मग प्रॅक्टिकल. तुमच्या प्रयोगशाळेचा रिवाज बाहेरच्यांना खरा वाटत नाही: आधी पैज, मग मोजणी. प्रत्येकानं काय होणार ते मोठ्यानं सांगायचं, त्यावर पैज लावायची, आणि मगच काउंटर चालू करायचा. नुसतं पुस्तकात बघून "असं होतं" म्हणणारा तुम्हाला चालायचा नाही. म्हणायचा, "चुकायची तयारी न्हाय त्यानं मोजायला येऊ नये." हरलेल्या बाजूनं चौकातून गुलाबजाम आणायचे. धाराशिवचे गुलाबजाम कुणाला आवडत नाहीत, त्यामुळं आमच्या खात्यात चुकण्याला कधी कुणी लाजलं नाही.

मी हरले ती पहिली पैज तुम्हाला आठवत असेलच. टेबलाच्या एका टोकाला बोटाच्या पेराएवढा किरणोत्सारी स्रोत, ज्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. समोर काउंटर, येणाऱ्या प्रत्येकाला टक् करणारा. मध्ये दोन तकट्या, एक प्लॅस्टिकची, एक तांब्याची. दोन्ही मिळून इतक्या जाड की इलेक्ट्रॉन पलीकडं जाऊच शकत नाही. तुम्ही विचारलंत, तकट्यांचा क्रम उलटा केला तर काय फरक पडंल? मी छातीठोकपणे म्हणाले, "काही नाही. दोन गोधड्या घेतल्या, वरची खाली घातली, ऊब तेवढीच." तुम्ही हसलात. प्लॅस्टिक स्रोताकडं, तांबं मागं, असं ठेवलं आणि मोजलं. टक्टक् मंदावली, पण थांबली नाही. मग क्रम उलटा केला, तांबं पुढं, प्लॅस्टिक मागं. आणि टक्टक् वाढली. त्याच दोन तकट्या, तोच स्रोत, तेच अंतर. मी पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा वाढली.

का, ते मी गुलाबजाम आणल्यावरच तुम्ही सांगितलंत. वेगात आलेला इलेक्ट्रॉन सरळ जड धातूत शिरला तर तिथं त्याला करकचून ब्रेक लागतो, किरण भरपूर निघतात, आणि मागचं प्लॅस्टिक त्यांना अडवायला कुचकामी. तोच आधी हलक्या प्लॅस्टिकमध्ये शिरला तर धक्के खात खात शांत होतो, किरण थोडेच निघतात, आणि जे निघतात ते मागचा धातू बऱ्यापैकी गिळतो. दरवर्षी निम्मी पोरं हीच चूक करायची. शिसं भक्कम, म्हणून स्रोताला आधी शिसं गुंडाळायला धावायची. तुम्ही चिमट्यानं त्यांच्या हातावर हळूच टोला द्यायचा. "आधी हलकं, मग जड."

वन्सं, हा नियम तुम्ही प्रयोगशाळेतच ठेवला असता तर आज मला लिहायला सोपं गेलं असतं. पण तुम्ही तो घरी आणला. कुणाला वाईट बातमी सांगायची झाली की तुम्ही आधी काहीतरी हलकं सांगायचा. गावातले मामा, आत्याबाईंचे भाऊ, गेले तेव्हा तुम्ही आत्याबाईंशी आधी शेवग्याच्या शेंगांविषयी बोललात, मग त्यांच्या जवळ सरकून बसलात, मग सांगितलंत. तुमच्या भावाला नोकरीचा नकार आला तेव्हा आधी चहा झाला, आधी म्हशीचं निघालं. मी एकदा विचारलं की हे काय नाटक, तर म्हणालात, "मानूस वेगात असतं गं. धाडकन जडावर आदळलं की काय बाहेर पडंल सांगता येत न्हाय. आधी थोडं मंद करावं." एवढ्यापुरती उपमा तुम्ही स्वतःला माफ केली होती. घरात सगळ्यांना ही रीत कळली होती, आत्याबाईंनासुद्धा, पण कळून न कळल्यासारखं करायचं हेही सगळ्यांना कळलं होतं.

आपलं एक भांडण मात्र राहूनच गेलं. मी एमएस्सी झाले, तुमच्याच खात्यात तासिकेवर शिकवायला लागले, आणि वर्गात एकदा सांगितलं की पुस्तकात ह्याला ऊर्जेचा लॉस म्हणतात ते मला पटत नाही. लॉस कसला? ऊर्जा कुठं बुडाली? किरण झाली ना. तुम्ही दारात उभ्या होता. तास संपल्यावर मला गाठलंत. "इलेक्ट्रॉनला जाऊन विचार लॉस हाय का न्हाय. तुला किरण घावला म्हनून त्याचा तोटा कमी होतो व्हय?" मी म्हणाले, पण एकूण हिशोबात काही गेलं नाही. तुम्ही म्हणालात, "एकूण हिशोब तुझा. ज्याचं गेलं त्याचं गेलं."

तुम्ही इतक्या चिडलात की मी हजेरीपट उचलून निघून गेले. चिडण्याचं कारण मला पुढं कळलं, तेही तुमच्याकडून नाही, तुमच्या भावाकडून. तुम्ही विद्यापीठात पीएचडीला लागला होता. ह्याच विषयावर, पदार्थात इलेक्ट्रॉन कसे थांबतात त्यावर. काम अर्धंअधिक झालं होतं. मामंजी अंथरुणाला खिळले, भाऊ शाळेत होता, आणि तुम्ही सगळं सोडून परत आलात. जिल्ह्याच्या गावी नोकरी धरलीत आणि त्या कामाचं नावसुद्धा पुन्हा काढलं नाहीत. कळल्यावर मी एकदा एसटीत धीर करून विचारलं, "वन्सं, वाईट वाटतं का हो?" तुम्ही खिडकीबाहेर बघत होता. म्हणालात, "वाटतं. रोज न्हाय वाटत." आणि मग कंडक्टरकडून सुट्टे घ्यायला वळलात.

ते तुमचं "रोज न्हाय" मी कितीदा आठवलं असेल. तुम्ही खोटं समाधान सांगितलं नाहीत, आणि मला अपराधीही वाटू दिलं नाही. मला वाटतं, त्यासाठीही मी तुमची आभारी आहे.

मग तो शनिवार. तुम्ही आलात, पाय धुतले, आणि माझ्याशी करडांविषयी बोलायला लागलात. तपकिरी करडू अंगानं भरलंय, पाय पांढरे निघालेत, वगैरे. तुम्हाला करडांचं कौतुक कधीच नव्हतं. मी हातातली परात खाली ठेवली. तुम्ही पुढं पत्र्याच्या गळतीविषयी बोललात, आणि मी मनात म्हणत होते, आता जड येणार, आता येणार. आलं. घशात गाठ, आणि ती वाईट निघालेली. तुमची रीत चांगली होती, वन्सं, पण तुमच्याविषयीच्या बातमीला ती पुरी पडली नाही. मी परातीतल्या पिठातच हात खुपसून बसले.

सोलापूरच्या डॉक्टरांनी शेक घ्यायला सांगितले. आपल्याकडं रेडिएशनला शेकच म्हणतात, आणि गावात शेक म्हटलं की माणसं करंट समजतात. तुम्ही जायला राजी नव्हता. सगळ्यांना वाटलं तुम्ही भ्यालात. मला म्हणालात, "भीती न्हाय गं. त्यात काय होतं ते मला ठाव हाय म्हनूनच नको वाटतं." आत्याबाईंनी तुमच्यापुढं बसकण मारली आणि म्हणाल्या, "मला समजून सांग, त्ये करंट देत्यात म्हंजे काय करत्यात?" तुम्हाला शिकवायला सांगितलं की तुम्ही नाही म्हणू शकत नाही, हे त्या माउलीला बरोबर ठाऊक होतं. तुम्ही सांगितलंत: करंट नाही. यंत्रात इलेक्ट्रॉन लई वेगात पळवतात आणि एका जड धातूवर आपटतात. तिथं त्यांना ब्रेक लागतो, किरण निघतो, आणि तो किरण माझ्या गाठीवर सोडतात. आत्याबाई म्हणाल्या, "म्हंजे जन्मभर पोरांना जे शिकवलंस त्येच तुझ्यासाठी यनार. मग जा की."

तुम्ही गेलात. मी बरोबर होते. यंत्राच्या खोलीबाहेर बसून मी दार बंद व्हायची वाट बघायची, आणि तुम्ही बाहेर आलात की पहिलं वाक्य कधी दुखण्याचं नसायचं. "धातूची तकटी किती जाड ठेवली असंल गं?" तिथल्या तंत्रज्ञाला तुम्ही इतके प्रश्न विचारलेत की तो शेवटी शेवटी तुम्हाला बघून वहीच घेऊन बसायचा.

पहिल्याच आठवड्यात तुम्ही पैज लावली होती की पुढच्या हुरड्याला तुम्ही नसणार. मी लावली की असणार. थंडीत आत्याबाईंनी शेतात आगटी पेटवली, तुमच्या भावानं ज्वारीची कोवळी कणसं भाजली, आणि तुम्ही शालीत गुरफटून तिथं बसला होता. तोंड कोरडं पडलेलं, घास गिळवत नव्हता, म्हणून हुरडा दह्यात कालवून चमच्यानं खाल्लात. मग पिशवीतून डबा काढलात. तुम्ही हरला होता, म्हणून धाराशिवहून गुलाबजाम घेऊन आला होता. शेकांनी तुमची चव गेलेली. तुम्ही एक घेतलात, बोटांनी दाबून पाक पिळून काढलात, म्हणजे घशाला चिकटणार नाही, आणि अर्धा खाल्लात. मी विचारलं, कसा लागतो. "मातीवानी," तुम्ही म्हणालात. "पन पैज म्हंजे पैज."

त्यानंतर जो काळ मिळाला तो मला मिळाला, असं मी मनात धरलंय. त्या काळात तुम्ही माझ्या थोरल्या लेकीला गणित शिकवलंत, तुमच्या भावाशी तीन वेळा अबोला धरलात आणि तीन वेळा सोडलात, आणि माझा प्रत्येक तास ऐकायला दारात येऊन उभ्या राहिलात. गाठ परत आली तेव्हा पुन्हा शेक नको म्हणालात, आणि या वेळी आत्याबाईंनीही काही विचारलं नाही.

शेवट सोलापूरला झाला. तुमचा भाऊ तुम्हाला घरी आणणाऱ्या गाडीबरोबर मागं थांबला आणि मला पुढं पाठवलं, आईला कुणी बाहेरच्यानं सांगू नये म्हणून. मी गोठ्यापाशी गेले तेव्हा आत्याबाई पाला टाकत होत्या. सकाळ नुकती झाली होती. वाटेत मी हलकं काहीतरी शोधत होते. सापडत नव्हतं. शेवटी तोंडातून निघालं, "आत्याबाई, काळी शेळी व्याली का?"

त्यांनी पाल्याची पेंडी खाली ठेवली. माझ्याकडं बघितलं. म्हणाल्या, "मंगल, हलकं ऱ्हाऊ दे. जड सांग."

मी सांगितलं. त्या तिथंच दगडावर बसल्या, मी त्यांच्या पायाशी बसले. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "व्याली. दोन करडं हायेत." आणि तेव्हा आम्ही दोघी रडलो.

गोडाच्या जेवणाला तुमचे विद्यार्थी आले होते. मुरूमहून आले, लातूरहून आले, एकजण तर थेट विमानतळावरून. एकानं उभं राहून भाषण केलं, मॅडम म्हणजे ज्योत, मॅडम म्हणजे दीपस्तंभ. मला हसू आलं आणि पदर तोंडाला लावावा लागला. शेजारच्या बायकांना वाटलं मी रडतेय. तुम्ही असता तर त्याला विचारलं असतंत, "ज्योतीचं तापमान किती?" आणि मग त्याला जेवायला बसवलं असतंत.

पण सगळे गेल्यावर मी विचार करत बसले. त्या पोरांपैकी निम्मी स्वतः शिकवतात. किरण पुरेसा जोरकस असला तर तो पुढं जाऊन पुन्हा इलेक्ट्रॉन निर्माण करतो, त्यांना पुन्हा ब्रेक लागतो, पुन्हा किरण, आणि असं पसरत जातं, हे तुम्हीच मला शिकवलंत. लिहू का पुढं? नाही लिहीत. मला तुमचा आवाज ऐकू येतोय: लिंबं फुडं न्हेऊ नको.

तरी वन्सं, आता मला आपलं भांडण मिटवायचंय. तुमचं खरं होतं. तो लॉसच होता. तुमचं जे विद्यापीठात राहिलं ते राहिलं, आणि मी शिकले, माझी पोर शिकतेय, म्हणून ते भरून निघालं असं मी म्हणणार नाही. तुम्ही वळलात कारण घरचं जड होतं, आणि त्यातलं थोडं जड पुढं मी होते. तुमचं गेलं. तेच मला मिळालं. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि एकानं दुसरं खोडता येत नाही. म्हणून मी आभार मानतेय ते तुमच्या तोट्याला फायदा म्हणून नव्हे. तोटा म्हणूनच मानतेय. वन्सं, तुम्ही झिजलात, आणि आम्हाला उजेड मिळाला.

लिहिलं. हरले.

एवढं लिहून कागद चार दिवस तसाच ठेवला होता. काल तिसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल होतं, तेच, तकट्यांचं. जाताना मी चौकातून गुलाबजाम घेतले, कारण ते वाक्य लिहून मी आधीच हरले होते. डबा टेबलावर बघून पोरं गोंधळली. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, अजून पैज लागली न्हाय, काउंटर बी चालू न्हाय, आन गुलाबजाम आधीच?" मी म्हणाले, "ही जुनी पैज आहे. मी हरलेय. तुमची लावा." त्यांनी लावली. दोघं सोडून सगळे म्हणाले, क्रमानं काही फरक पडणार नाही. एकानं गोधड्यांचीच उपमा दिली. प्लॅस्टिक पुढं ठेवलं, मोजलं. तांबं पुढं ठेवलं, आणि टक्टक् वाढली तशी सगळी पोरं टेबलावर वाकली. पुन्हा मोजा म्हणाली. मी पुन्हा मोजू दिलं.

मग डबा उघडला. सगळ्यांनी घेतले. मीही एक घेतला, तुमच्यासारखा बोटांनी दाबून पाक पिळून काढला आणि अर्धा खाल्ला.

गोड लागला, वन्सं.